शेणाचा गॅस आणि चुलीतला विस्तव

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेले होते. आठवडाभर कराडला शिकायचं आणि शनिवारच्या एस.टी.नं गावी येऊन ते सगळं आईला शिकवायचं, हा माझा उद्योग. एक कार्बन, चार हायड्रोजन, झाला मिथेन. त्यात एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढवले की इथेन, मग प्रोपेन, मग ब्युटेन. असंच वाढवत गेलं की पेट्रोल, रॉकेल, डिझेल, आणि पार पुढं मेणबत्तीचं मेण. या साऱ्यांना म्हणायचं अल्केन. आई भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा म्हणाली, "म्हंजे समदी एकाच घरातली. थोरला कोण, धाकला कोण, एवढंच." इतकं सोपं आमच्या सरांनाही सांगता आलं नव्हतं.

आईला खोकला होता. पहाटे चूल पेटली की सुरू व्हायचा आणि दिवस वर येईतो पाठ सोडायचा नाही. जळण म्हणजे उसाचं पाचट, तुराट्या आणि अर्धवट वाळलेल्या शेणी. वर उजेडाला रॉकेलची चिमणी, तिची काजळी वेगळीच. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, धूर थांबवा, नाहीतर छाती साथ देणार नाही. आईनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि घरी येऊन चूल पेटवली. दुसरं करणार तरी काय होती?

माझे वडील, आबा, पलटणीतून पेन्शनवर आलेले. रॉकेलला रांगा लागायच्या, ते दिवस. तालुक्याला जाऊन ते गोबर गॅसची माहिती घेऊन आले आणि गोठ्यामागं खड्डा खणायला लागले. विटांचं बांधकाम, त्यात शेणपाण्याचा काला, वर लोखंडी टाकी पालथी घातलेली. आत गॅस साठला की टाकी वर चढायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. रोज सकाळी टाकी किती चढली ते बघणं ही आबांची नवी परेड झाली. आतला जळणारा वायू म्हणजे माझ्या वहीतला पहिला अल्केन, मिथेन. आमच्या बैलांच्या शेणातून निघालेला. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

शेगडी पहिल्यांदा पेटवली तेव्हा आईला ज्योत दिसेचना. निळी, दिवसाच्या उजेडात हरवलेली. तिनं हात जवळ नेला आणि चटकन मागं घेतला.

"धूर कुठं गेला गं?"

मी लगेच सुरू झाले. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी आणि जळणं पुरतं. हवा कमी पडली की ज्योत पिवळी आणि काजळी, नदीवरच्या डिझेलच्या इंजिनासारखी. पुरतं जळलं की उरतं फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. तो दिसत नाही, वास नाही, नुसता हवेत जातो.

"म्हंजे जातोय, पर दिसत न्हाई," आई म्हणाली. "मग कवातरी दिसंल."

मी हसले. पुढं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. आता त्या वाक्याला हसत नाही.

परीक्षा संपवून महिन्याभरानं गावी आले, तर रविवारी पहाटे धुराच्या वासानं जाग आली. आई चुलीपुढं बसून खोकत होती. शेजारी गॅसची शेगडी थंड. माझं टाळकं सरकलं. विचारलं, तर म्हणाली, "रांधते गॅसवरच. पर बांधापलीकडची काकी येती विस्तवाला. न्हाई कसं म्हणायचं?"

ही काकी दुष्काळी माणदेशाकडची. नवरा मुंबईला गिरणीत. ती एकटी चार शेरडं घेऊन आमच्या बांधापलीकडं राहायची. रोज पहाटे खापर घेऊन यायची, आई त्यात दोन निखारे घालायची, आणि मग दोघी उंबऱ्यावर बसून बोलायच्या. तेवढ्या दोन निखाऱ्यांसाठी आई रोज घरभर धूर करत होती.

काकी आली. मी पुढं झाले आणि तिच्या हातात काडेपेटी ठेवली. "काकी, आता आमच्यात विस्तव नसतो. ही राहू द्या तुम्हाला."

काकीनं काडेपेटीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि रिकामं खापर घेऊन गेली. विस्तव मागायला आलेल्याला काडी देणं म्हणजे पुन्हा येऊ नकोस म्हणणं, हे मला कळायला हवं होतं. मी याच गावात वाढले होते.

काकी आली नाही. आईनं चूल पेटवणं सोडलं. खोकला खरंच उतरला. पण त्याबरोबर आईचं बोलणंही उतरलं. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. नुसती भांडी घासता घासता बांधाकडं बघत राहायची. तिसऱ्या रविवारी माझ्यानं राहवेना. शेणीचा तुकडा घेतला आणि बांध ओलांडून काकीच्या दारात उभी राहिले.

"काकी, विस्तव द्या. ऊद घालायचाय."

काकीनं मला आत घेतलं. तिची चूल पेटलेली होती आणि भिंतीतल्या कोनाड्यात काडेपेट्या होत्या. माझी एक, आणि तिच्या जुन्या तीन.

"ह्या तर तुमच्याकडं आधीपासूनच होत्या?"

"व्हय की. गिरणीवाला आणतोय की." तिनं निखारा शेणीवर ठेवला. "तुज्या आईचा खोकला हितवर ऐकू यायचा, पोरी. मधीच थांबला की माजा जीव खालवर व्हायचा. बाई धड हाय का न्हाई बघायला यायची मी. मोकळ्या हातानं कसं जायाचं सकाळच्यापारी दुसऱ्याच्या दारात, म्हणून खापर."

आई तिच्या विस्तवासाठी धूर करत होती, आणि ती त्या धुरानं लागलेल्या खोकल्यासाठी येत होती.

"आता खोकला ऐकू येत न्हाई," काकी हळूच म्हणाली. "पंधरा दीस झालं. बरी हाय नव्हं?"

मी तिचा हात धरला आणि तिला तशीच घरी घेऊन आले. आईनं तिला बघितलं आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.