एकटी न बनणारी लायब्ररी

मंडळी, आज नोएडाच्या ऑफिसात मी विकासच्या कानाखाली आवाज काढला. तोच विकास, ज्याच्या बाइकवर मी रोज मयूर विहारहून ऑफिसला जातो.

कारण ऐकाल तर हसाल. आमचं सॉफ्टवेअर चार लायब्रऱ्यांचं, म्हणजे कोडच्या चार तुकड्यांचं आहे. एकत्र बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवलं, की सगळं छान. आज क्लायंटला फक्त माझी, बिल छापणारी लायब्ररी हवी होती. कोऱ्या मशीनवर ती एकटी बिल्ड केली आणि धडाधड एरर! माझी बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे बिल्डच्या सूचनांची फाइल, गुपचूप शेजारच्या, विकासच्या फोल्डरमधून फाइल्स उचलत होती. इथे शेजारी कुणी नव्हतंच.

विकास सगळ्यांसमोर हसला. "कितनी बार बोला, जो चाहिए वो स्क्रिप्ट में साफ लिख! तेरी लाइब्रेरी अकेली खड़ी ही नहीं हो सकती, यार!"

तो खरं बोलत होता, म्हणूनच डोकं फिरलं. मी थोबाडीत दिली. त्यानं कॉलर धरून मला काचेच्या दारावर आपटलं. मी त्याच्या तोंडावर बुक्का हाणला. ओठ फाटला, कीबोर्डवर रक्त सांडलं. लोकांनी मागे ओढलं तरी मी लाथा झाडतच होतो.

मॅनेजरनं मला घरी हाकललं. मेट्रोनं एकटाच आलो.

आत्ता विकासचा मेसेज आलाय: "तेरी स्क्रिप्ट ठीक कर दी. अब अकेली भी बनती है. तू घर पहुँचा?"

हात उचलायला क्षणही लागला नव्हता. या प्रश्नाचं उत्तर मात्र कधीचा टाइप करतोय आणि पुसतोय. तुम्ही काय लिहिलं असतं?