चिप मारलीय का?

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, नारळ-फुलांच्या दुकानांना खेटून प्रीती जाधवने पाटी लावली होती : 'गेमचे जादा भाग मिळतील'. दर्शनाला आलेल्या एका आजींनी तर विचारलंही, "कसला प्रसाद गं हा?"

धंदा साधा, पण समजावताना जीव मेटाकुटीला यायचा. गेममध्ये नव्या गाड्या, नवे रस्ते हवे असतील तर ते कंपनीकडून इंटरनेटवरून विकत घ्यायचे. घरी धड इंटरनेट कुणाकडेच नाही, म्हणून लोक गेमचं मशीन पिशवीत घालून आणायचे आणि प्रीती त्यात माल उतरवून द्यायची.

"पैसे दिले, मग सीडी कुठाय?"

"मशीनच्या आत गेला माल, काका."

"आणि माझ्या हातात काय?"

हेही परवडलं. डोकं फिरायचं ते चिपने. उल्हासनगरला मशीन उघडून आत चिप मारून मिळे, की नकली सीड्याही धडाधड चालत. पण असं मशीन इंटरनेटवर कंपनीला सापडलं, की ती ते कायमचं बाद करी. म्हणून प्रीती आधीच विचारायची, "चिप मारलीय का?" आणि प्रत्येक जण आईची शपथ घेऊन नाही म्हणायचा. रोज पिणारा डॉक्टरसमोर सांगतो, अगदी तसं. कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय!

बी.कॉम. झाल्यावर आलेली नोकरी नाकारून तिने हे दुकान टाकलं होतं. वडिलांनी, सुदामरावांनी, फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर तिला दुकानासाठी गेमचं मशीन घेऊन दिलं. त्यावर माल दाखवायचा आणि 'मशीन चोख असेल तर काही होत नाही' असा शब्द द्यायचा. दुकान त्या शब्दावर चालत होतं.

२००९च्या दिवाळीनंतर कंपनीने एकदम झाडू मारला. सकाळीच चार-पाच जण बाद झालेली मशीनं घेऊन दारात उभे राहिले. पुढे हेमंत सावंत.

"फसवलंस तू आम्हाला. अख्ख्या अंबरनाथला सांगतो की नाही बघ."

"तुमच्या मशीनला चिप होती."

"अजिबात नाय! तुझ्याच इंटरनेटच्या वायरने वाट लावली."

चोराच्या उलट्या बोंबा! प्रीतीचा पारा चढला. "तीच वायर माझ्या मशीनला लावते. बघा सगळ्यांनी."

कोपऱ्यात पेपर वाचणारे सुदामराव म्हणाले, "राहू दे ना, बाळा. नंतर बघ."

"नाही पप्पा, आत्ताच. यांच्या तोंडावर."

तिने वायर लावली. पडद्यावर तोच निरोप आला : हे मशीन कायमचं बाद करण्यात आलं आहे.

"आता बोल," हेमंत म्हणाला.

सुदामरावांनी पेपरची घडी केली आणि ते उठून उभे राहिले. "तिला ठाऊक नव्हतं. मशीन घेताना दुकानदार म्हणाला, फुकटात चिप मारून देतो, सगळे गेम चालतील. मला वाटलं, पोरीचा खर्च वाचेल. मारून घेतली मी."

वर्षभर तिने हा प्रश्न शेकडो जणांना विचारला होता, पण बापाला विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. चिप मारल्याचं कबूल करणारा पहिला माणूस तिला आज भेटला होता, आणि प्रीतीला मनापासून वाटलं, यानेही आज खोटं बोलायला हवं होतं.