मागून वाजलेली टाळी

अम्मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात नोकरीला होती. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे गाऊन, सगळं मळकं होऊन खाली यायचं आणि धुऊन, इस्त्री होऊन वर जायचं. किती आलं आणि किती गेलं हे बघणं तिचं काम. मशिनच्या घरघरीत, वाफेत, बायकांशी गप्पा मारता मारता ती मोजायची. एखादा टॉवेल कमी भरला तर वरच्या नर्सबाईंना फोन लावून सांगायची, "तुमच्याकडेच राहिलाय, कॉटखाली बघा." तो तिथेच सापडायचा. घरातही तोच खाक्या. अब्बा म्हणायचे, "हिच्यासमोर डाळ सांडू नका रे बाबांनो, ही दाण्यादाण्याचा जाब विचारेल."

अब्बा कारखान्यात लेथ मशिनवर होते. जुन्या घराजवळ मशीद होती आणि ते नमाजला तिथेच जायचे. इमामसाहेब कधी रजेवर असले की लोक नमाज पढवायला अब्बांनाच पुढे करायचे. अम्मी घरी एकटी पढायची. दोघं निवृत्त झाल्यावर मी त्यांना माझ्या घराजवळ, मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत आणलं. इथून मशीद लांब, मध्ये बस बदलावी लागते. त्यामुळे अब्बा जुम्म्याला, शुक्रवारी, तेवढे जाऊ लागले. बाकीच्या नमाजा घरीच. अब्बा पुढे, अम्मी त्यांच्या मागे. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघं जमातीनं, एकामागे एक उभी राहून, पढत होती. अम्मीला त्याचं भारी कौतुक. मला म्हणाली, "आजवर मी यांना मागून ढकलत आले. आता आयते हे पुढे आणि मी मागे."

जमातीत इमाम जे करील ते मागच्यानं करायचं. तो वाकला की वाकायचं, तो सज्द्यात, कपाळ जमिनीला टेकायला, गेला की जायचं, त्याच्या आधी हलायचं नाही. पण इमाम माणूसच आहे, चुकतो. उभं राहणं, वाकणं, सज्दे, अशी एक फेरी म्हणजे एक रकात. दुपारच्या नमाजेत अशा चार; दोन झाल्या की मध्ये थोडं बसायचं आणि चौथीनंतर शेवटचं. एखादी राहिली किंवा जास्त होऊ लागली तर मागचा पुरुष 'सुब्हानल्लाह' म्हणतो. बाई असेल तर तोंडानं आवाज न काढता एका हातानं दुसऱ्या हाताच्या पाठीवर टाळी देते. इमाम काय ते समजतो.

पहिली टाळी वाजली ती उन्हाळ्यात. अब्बा शेवटचं बसायचं म्हणून बसले आणि मागून टाळी आली. ते उठले, आणखी एक रकात पढले, चुकीबद्दलचे दोन सज्दे केले आणि सलाम फिरवून नमाज संपवली. "अरेच्चा, तीनच झाल्या होत्या होय?" म्हणाले. अम्मी हसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग वरचेवर होऊ लागलं.

अम्मीनं मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. "तुझ्या अब्बांचं काही खरं नाही," ती म्हणाली. "रकाती विसरायला लागलेत. उद्या घरचा रस्ता विसरतील."

मी अब्बांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं, काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. अब्बांनी सगळं बिनचूक सांगितलं, वर डॉक्टरांच्या खुर्चीचा एक स्क्रू ढिला आहे तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "काकांना काही झालेलं नाही. वयोमानानं थोडं इकडेतिकडे होतंच."

अम्मीला ते पटलं नाही. "डॉक्टरांना काय कळणार? ते थोडेच यांच्या मागे उभे असतात?"

मला काही उमजेना. डॉक्टर म्हणतात ठीक, अम्मी म्हणते नाही, आणि अब्बांना विचारावं तर ते म्हणत, "तुझी अम्मी म्हणते म्हणजे चुकत असणार." ते गप्प गप्प राहू लागले. बाजारात जाताना पिशवी घेतली का म्हणून दारातून दोनदा परत यायचे. कुणी त्यांना पुढे व्हा म्हटलं तर नको म्हणायचे. जुम्म्याला मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहणारा माणूस आता कोपरा धरायचा.

एका सुट्टीच्या दिवशी मी दुपारीच त्यांच्याकडे गेले आणि अम्मीच्या शेजारी नमाजला उभी राहिले. ही नमाज मनातल्या मनात पढायची, ऐकू काही येत नाही. अब्बा बसले. माझ्या हिशेबानं चार झाल्या होत्या. शेजारी टाळी वाजली. अब्बा उठले. मी गोंधळले. मीच एक जास्त मोजली की काय? मध्ये गॅसवरच्या दुधाकडे लक्ष गेलं होतं खरं. अम्मी उठली, म्हणून मीही उठले. सलामनंतर मी विचारलं, "किती झाल्या?"

"चार. मी होते म्हणून," अम्मी म्हणाली.

रात्रभर तेच डोक्यात. अब्बांचं चुकतंय की माझं? तिसरी शक्यता मनात आली, पण मी ती झटकून टाकली. अम्मी मोजण्यात चुकेल हे मनाला शिवतच नव्हतं.

दोन दिवसांनी ऑफिसातून थेट गेले ती मगरिबच्या, सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या वेळेला. मगरिबच्या तीन रकाती, आणि त्यातल्या पहिल्या दोन इमाम मोठ्यानं पढतो. त्यात घोळ व्हायला जागाच नाही. अब्बांनी कुराणातली एक सूरत पढली, मग दुसरी, दोन्ही मी कान देऊन ऐकल्या. मधलं बसणं झालं. मग तिसरी रकात, मनातल्या मनातली. अब्बा शेवटचे बसले.

अम्मीनं टाळी दिली.

अब्बा क्षणभर तसेच राहिले, मग एक हात जमिनीला टेकून उठू लागले. या वेळी मी उठले नाही. मी टाळी दिली. अब्बा अर्धवट उभे, अर्धवट वाकलेले. अम्मीनं पुन्हा टाळी दिली, जरा जोरात. मग मी. दोन्ही टाळ्या सारख्याच, एक म्हणते उठा आणि दुसरी म्हणते बसा, आणि कुठली कुठलं म्हणते ते त्या माणसाला मागे बघून विचारता येत नाही. मला वाटलं आता ते नमाज तोडतील.

ते खाली बसले. दोन सज्दे केले आणि सलाम फिरवला.

अम्मी तांबारलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळली. "तुला येत नसेल तर मध्ये पडू नये. अब्बांची नमाज घालवलीस."

"अम्मी, तीन झाल्या होत्या."

"दोन."

"झाल्या होत्या तीन," अब्बा म्हणाले. ते अजून आमच्याकडे पाठ करूनच बसले होते. "दोन सूरती मी मोठ्यानं पढलो, दोन्ही आठवतायत. त्यानंतरची मनात पढलो. मला खात्री होती."

"मग उठत कशाला होता?" अम्मीनं विचारलं.

"तू टाळी दिलीस म्हणून."

अम्मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आणि आधी? दुपारच्या?"

"तेव्हा खात्री नव्हती. कधी कधी वाटायचं की चार झाल्यात," अब्बा म्हणाले. "पण तू कधी मोजायला चुकली आहेस का?"

या वेळी डॉक्टरांकडे अम्मीला नेलं. तिनं घड्याळ काढलं, ते जवळपास बरोबर होतं. शब्द मात्र एकही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, ही विसराळूपणाची सुरुवात असू शकेल, नसेलही, काही महिने गोळ्या देऊन बघू. बाहेर आल्यावर अम्मीनं मला विचारलं, "अब्बांचं काय म्हणाले?" मी अब्बांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी ठीक आहे म्हणाले."

जुम्म्यानंतर अब्बांनी मशिदीत इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, नकळत जास्त झालं त्याची चिंता करू नका. इमामाला स्वतःची खात्री असेल तर मागच्याचं ऐकायचं नाही. शंका असेल तर ऐकावं. अब्बांनी घरी येऊन मला हे सांगितलं आणि म्हणाले, "आता मला कशाची खात्री आहे तेच समजत नाही. माझ्या मोजण्यावर मी इतके महिने विश्वासच ठेवला नव्हता."

अम्मीनं टाळी देणं सोडलं नाही. तिला सांगितलं की ती मान डोलावते, पुन्हा उभी राहिली की विसरते. कधी तिची टाळी चुकीची असते, कधी बरोबर. गेल्या आठवड्यात अब्बा खरंच दोन रकातींनंतर बसायचं विसरून उठू लागले आणि मागून बरोबर टाळी वाजली. ते परत बसले. पण परवा टाळी वाजली आणि ते बसूनच राहिले. सलामनंतर अम्मीनं विचारलं, "ऐकलं नाहीत का?"

"ऐकलं," ते म्हणाले. "चल, चहा टाक."

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात थांबून तिनं मला विचारलं, "किती कप टाकू?"

"तीन," मी म्हणाले.

"तीन," ती म्हणाली आणि अब्बांकडे बघत राहिली, ते काय म्हणतात म्हणून.