दोन वर्षांची बॅटरी

परगावी राहून परत जायच्या गोष्टी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या समोरच्यासारखा बारा महिने तेरा त्रिकाळ निघालेला माणूस दुसरा पाहिला नाही. मी बहरीनमध्ये जनाबियाला मुलाकडे राहायला आले त्याच आठवड्यात हा दारात उभा राहिला. मनाम्याला एका ऑफिसात हिशेब बघायचा, बायकामुलं मिरजेला, इथं एकटा. मी तासगावची म्हटल्यावर त्यानं मला लगेच अक्का करून टाकलं आणि म्हणाला, "ओळख झाली ते बरं झालं, पण माझं काही खरं नाही. गणपतीला मी कायमचा चाललो." मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, माणूस बोलतो ते खरं धरते. वाटेत खायला म्हणून त्याला डबाभर लाडू करून दिले. गणपती आले आणि गेले. लाडू त्यानं आमच्याच पायरीवर बसून संपवले, आणि शेवटचा खाताना म्हणाला, "आता दिवाळीला नक्की."

निघालेल्या माणसानं घर मांडायचं नाही, असा त्याचा नेम होता. वीसेक वर्षांत त्यानं बहरीनच्या भिंतीत एक खिळा ठोकला नाही. टीव्ही त्याच्याच खोक्यावर ठेवलेला. मिक्सरचं, इस्त्रीचं, पंख्याचं खोकं जपून ठेवलेलं, कारण जाताना बांधाबांध सोपी. टूथपेस्ट छोटी, मीठ छोटं, तांदूळ पाच किलोच्या वर नाही. लिंबाचं लोणचं घाल म्हटलं तर म्हणे, "ते मुरेपर्यंत मी कुठला इथं?" कढीपत्त्याचं रोप कुणी दिलं ते जमिनीत न लावता तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलं, कुणाला देऊन जायला बरं. त्या कढीपत्त्याला त्याचं बोलणं कळलं नसावं. त्यानं डब्याचं बूड फोडून मुळं खाली घातली आणि माझ्या डोक्याच्या वर गेला. सगळं कंपाउंड फोडणीला त्याचीच पानं नेतं.

एकदा मी सरळ विचारलं, "घर आहे, बायको आहे, मग जात का नाहीस रे? कुणी बांधून ठेवलंय?" आधी हसला. मग म्हणाला, "अक्का, सुट्टीवर जातो ना, तेव्हा घरात सगळ्यांच्या टॉवेलला खुंटी असते. माझा खुर्चीच्या पाठीवर."

"मग ठोक की एक खिळा."

"पाहुण्यानं खिळे ठोकायचे असतात का?"

"येडा आहेस," म्हटलं आणि चहा ओतला.

आता बॅटरी. त्याची गाडी जुनी, गियरची. इथल्या उन्हात बॅटरी दोन उन्हाळे काढते, तिसऱ्यात मान टाकते. त्याच्या बॅटरीनं ती टाकली, पण त्यानं कबूल केलं नाही. सकाळी बॉनेट उघडून तिच्या टोकांवरचा पांढरा बुरा गरम पाण्यानं धुवायचा, ताप आलेल्या पोराला पुसावं तसा. दुपारी बॉनेटवर ओली चादर घालायचा. बॅटरी वाचावी म्हणून हॉर्न बंद केला. बुदैयाच्या रस्त्यावर खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "ओ भाऊ, जरा सरका!" आणि गंमत अशी की पांढरे झगे घातलेले अरब लोक खरोखर सरकायचे. उतारावर गाडी ढकलून चालू होते म्हणून उतार शोधायला लागला. हा देश परातीसारखा सपाट, उतार आणायचा कुठून? शेवटी कंपाउंडच्या स्पीडब्रेकरवर पुढची चाकं चढवून गाडी लावायला लागला. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी दोन हात घरंगळायची आणि घर्र... घर्र... टक, म्हणून गप्प व्हायची. मग आमची बेल. "अक्का, साहेब उठलेत का?" साहेब म्हणजे माझा मुलगा. तो दात घासत वायरी घेऊन बाहेर यायचा, आपली गाडी त्याच्या गाडीच्या तोंडाला लावायचा आणि याची चालू करून द्यायचा.

चालू झालेली गाडी लगेच बंद करायची नाही, थोडी बॅटरी भरू द्यायची. तेवढा वेळ हा आमच्या पायरीवर. एक चहा, वर मिरजेचं सगळं पुराण. मी म्हणायचे, "तुझ्या बॅटरीपायी माझी साखर संपते." तो म्हणायचा, "आता गणपतीपर्यंतच, अक्का."

मुलाला कंटाळा आला. त्यानं एका शुक्रवारी गॅरेजवाल्या केरळी माणसाला बोलावलं. त्यानं बॅटरीला मीटर लावला आणि हात झटकले. "साब, ये खलास. नया डालो, दो साल की गॅरंटी."

"छे महीनेवाली नहीं है?" समोरच्यानं विचारलं.

"साब, बॅटरी है, दही नहीं है."

मी पायरीवर बसून इतकी हसले की ठसका लागला. पण समोरच्यानं त्याला खरंच परत पाठवलं. माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "अक्का, दोन वर्षांची बॅटरी घेतली म्हणजे दोन वर्षं राहायचं कबूल केल्यासारखं होतं." गडी थट्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घर्र, टक, बेल, चहा.

मग या वर्षी त्याच्या ऑफिसनं त्याला वयावर मोकळं केलं. नोकरीबरोबर व्हिसाही संपणार होता. ज्या गोष्टीची वीस वर्षं दवंडी पिटली ती समोर आली, तर हा आठवडाभर खोक्यांना हात लावेना. मग काढली, तर पुठ्ठा इतका कुजला होता की मिक्सर बुडातून खाली आला. गाडी त्यानं माझ्या मुलाच्या नावावर केली, सुनेला होईल म्हणून. आणि जायच्या दोन दिवस आधी बघते तर तोच केरळी माणूस बॉनेटमध्ये वाकलेला, आणि हा शेजारी उभा, नवी कोरी बॅटरी दोन्ही हातांत धरून.

मी तिथूनच ओरडले, "अरे येड्या, जन्मभर घेतली नाहीस आणि आता जाताना?"

"तुमच्यासाठी घेतली, अक्का. दवाखान्यात जायला गाडी अडायला नको. दोन वर्षांची गॅरंटी आहे."

"माझी कुठं आहे दोन वर्षांची गॅरंटी?"

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "आता दोन वर्षं तुम्हाला कुठं जाता येणार नाही. कबूल केल्यासारखं झालं."

मी आत जाऊन चहा टाकला. गाडी एका किल्लीत चालू झाली होती, ती थोडा वेळ चालू ठेवायची काहीच गरज नव्हती. तरी त्यानं ठेवली, आणि चहा संपेपर्यंत पायरीवर बसला.

परवा मिरजेहून त्याचा फोन आला. त्यानं माझी तब्येत विचारली नाही. म्हणाला, "बॅटरी कशी आहे, अक्का?"

"चालते. तुझा खिळा?"

"ठोकला. वाकडा गेला. बायको म्हणते, राहू दे तसाच."

"टॉवेल टिकतो ना?"

"टिकतो."

"मग झालं," मी म्हटलं आणि फोन सुनेकडे दिला.

बॅटरी खरोखर चांगली निघाली. सून सकाळी किल्ली फिरवते, गाडी चालू होते, ती निघूनही जाते. घर्र नाही, टक नाही, कुणी बेल वाजवत नाही. साखर महिनाभर पुरते. मी पायरीवर बसते आणि समोरच्या कढीपत्त्याला पाणी घालते. दोन वर्षं घालीन म्हणते.