पैसे धाडल्याचा वार

परदेशातल्या माझ्या मुलीनं पैसे पाठवले की माझा फोन वाजतो आणि मी नोकरीला होतो ती घाटंजीची बँक आठवते. शेजारच्या जिनिंगच्या कारखान्यातून कापसाचे तंतू उडत यायचे आणि फॅक्सवर बसायचे. त्या वर्षांत कापसानं दगा दिला म्हणून आमच्या खातेदार गिरजाबाईंचा मुलगा वेल्डिंग शिकून आखातात गेला होता.

एका दुपारी त्या धापा टाकत आल्या. मुलाच्या कामावरची इमारत कोसळली होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. त्याच सकाळी त्याच्या बँकेनं पाठवलेला पैशांचा संदेश मुंबईहून फॅक्सनं आमच्याकडे आला होता. मी रक्कम सांगू लागलो.

“पैशाचं राहू द्या, साहेब. धाडले कोन्या दिवशी, थे सांगा.”

“मंगळवारी. त्यानं स्वतः जाऊन सही केल्याशिवाय हा संदेश निघतच नाही.”

“मधात कोनी बदलवला असंन तं?”

“नाही बदलता येत. दोन्ही बँकांची गुप्त खूण जुळली तरच मुंबईची बँक तो पुढे पाठवते.”

“इमारत सोमवारी पडली,” म्हणत त्या फरशीवरच बसल्या. “जित्ता हाय माहा पोरगा.”

मग पैसे न घेताच निघून गेल्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता फोन वाजला की मीही रक्कम नंतर पाहतो. आधी वेळ पाहतो.