मेंदूतले राखणदार

हिंगोलीच्या शाळेत मी वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवतो. शरीर विषाणूंशी कसं लढतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या नवरात्रात साखऱ्याला, आमच्या घरी, बायकोला ताप चढला, ती भलतंसलतं बोलायला लागली, तेव्हा माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे.

घरात घट बसले होते. तिचे हात थरथरत होते, नजर ठरत नव्हती. आई म्हणाली, "हिच्या अंगात आलंय. दवाखान्यात न्यायचं न्हाई, देवी कोपंल." मग मळवट भरून तिला पाटावर बसवलं. शेजारणी ओटी घेऊन आल्या, आपापल्या अडचणी विचारू लागल्या. मला शंका होती. तरी मीही हात जोडून विचारलं, "माझी बदली हुईल का?" ती "व्हय, व्हय" म्हणाली. मला आनंद झाला, हे लिहितानाही लाज वाटते.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. मग हिंगोली, तिथून नांदेड. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणूमुळे मेंदूला सूज आलीय, औषध आधी सुरू व्हायला हवं होतं. ती वाचली. आठवण वाचली नाही.

काही महिन्यांनी मी त्यांना विचारलं, "विषाणू गेला ना? मग ही सुधरत काहून न्हाई?" त्यांनी सांगितलं, मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी असतात. विषाणूशी त्याच लढतात. पण कधी कधी विषाणू गेल्यावरही त्या शांत होत नाहीत, पेशीपेशींमधले चांगले जोडच खाऊन टाकतात. चोर पळाल्यावर राखणदारानं उभं पीक कापत सुटावं, तसं. गेलेलं परत येणं अवघड आहे, असंही त्या म्हणाल्या.

तिला शिरड शहापूरचं माहेर आठवतं, लग्न आठवतं. नवं काही म्हणता काही टिकत नाही. रोज विचारते, "अवो, मला काय झालं होतं?" मी ताप सांगतो, विषाणू सांगतो. ते दोन दिवस गाळतो.

गेल्या आठवड्यात राहवलं नाही. सगळं सांगितलं, बदलीचंसुद्धा. ढसाढसा रडलो. तिनं पाठीवरून हात फिरवला. "जाऊ द्या. तुमी काय मुद्दाम केलं का?" आजारपणानंतर पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. मी चहा टाकायला उठलो.

कप घेऊन आलो तर ती माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होती.

"अवो, रडून काहून राहिले? काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हणालो.