तीनशे चाळीस पत्ते

वसईत पापडीच्या नाक्यावर मंदा चुरीचा फोटो स्टुडिओ होता. जवळच्या गिरीज गावातल्या वाडीतली ही मुलगी लग्न न करता कॅमेरा घेऊन बसली, म्हणून सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली. पुढे त्याच लोकांच्या घरची बारशी, साखरपुडे, लग्नं तिनेच टिपली. पण २००३ च्या सुमारास घरोघर डिजिटल कॅमेरे आले आणि पासपोर्ट फोटोवाचून कोणी दुकानाची पायरी चढेनासं झालं. चाळिशी उलटलेल्या मंदाला धास्तीच बसली.

शेजारी रुडॉल्फचा सायबर कॅफे होता. त्याने सुचवलं की वसईची कितीतरी माणसं आखातात नि कॅनडात आहेत, त्यांना दर महिन्याला ईमेलने गावाकडचे चार फोटो पाठव. सुट्टीवर आली की लग्नाचं काम तुलाच देतील. मंदाने काउंटरवर वही ठेवली. येईल त्याला ती ईमेल विचारू लागली. दोन महिन्यांत अकरा पत्ते जमले, त्यातले तीन चुकीचे. मग तिने युक्ती काढली. सणाला चर्चच्या पटांगणात आणि गणपतीच्या मंडपात कुटुंबाचा फोटो फुकट काढायचा, आणि तो द्यायचा ईमेलवर. लोक रांग लावून पत्ते लिहून देऊ लागले. कोणी भावाचा दिला, कोणी दुबईतल्या जावयाचा, कोणी कुणाकुणाचा. वर्षभरात तीनशे चाळीस झाले. दर पहिल्या तारखेला ती रोमन अक्षरांत मराठी पत्र लिहायची, खाली फोटो जोडायची, आणि कामं खरंच येऊ लागली.

२००४ च्या सप्टेंबरात जवळच्याच उमेळ्याला व्हेरोनिकाबाईंच्या शिवणवर्गाचं प्रदर्शन भरलं. मंदाने तिथे फोटो काढले. त्यातला एक फार सुरेख आला होता. हिरव्या साडीतली एक बाई खिडकीतल्या उजेडात कापड धरून हसत होती. पहिल्या तारखेला तो सगळ्यांना गेला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, एका अनोळखी पत्त्यावरून विचारणा आली. फोटो छान आहे, कुठे काढला? मंदाला आनंद झाला. तिने लगेच कळवलं, उमेळ्याला, शिवणवर्गात.

सोमवारी सकाळी व्हेरोनिकाबाई दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. त्यांच्या पुतण्याला कुवेतमध्ये तो फोटो आला होता.

“मंदा, त्या यमुनाचा फोटो तू कोणाकोणाला पाठवलास?”

हिरव्या साडीतली ती यमुना डहाणूकडची. नवऱ्याने तिचा हात दोनदा मोडला होता. आठ महिन्यांपूर्वी ती पळून आधी विरारला आणि तिथून उमेळ्याला आली होती आणि ती नवऱ्यापासून लपून राहिलीय हे व्हेरोनिकाबाईंखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

मंदाने काउंटरवरची वही उघडली. तीनशे चाळीस माणसं. त्यातली निम्मी कोण, हे तिलाच माहीत नव्हतं. यादी वाढवायच्या नादात तिने ते कधी विचारलंच नव्हतं. आणि शनिवारी तिने स्वतःच्या हाताने गावाचं नाव लिहून दिलं होतं. हेही तिने सांगितलं. व्हेरोनिकाबाई रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, की आता आधी तिला हलवू.

दुपारीच यमुनाला गिरीजला मंदाच्या घरी आणलं. केळीच्या बागेमागचं घर, रस्त्यावरून न दिसणारं. यमुनाने आधी खिडक्या किती आहेत ते पाहिलं. मंदाला तिच्या नजरेला नजर देता येईना.

दुकान बंद ठेवलं तर संशय येईल म्हणून मंदा रोज उघडत राहिली. पायरीवर कोणाची सावली पडली की हातातलं काम टाकून ती वर बघे. बुधवारी अकराच्या सुमारास तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला कागद. त्याने नाव सांगितलं, बळीराम. कागदावर मंदाचंच पत्र छापलेलं होतं. त्याच्या मामेबहिणीने पापडीच्या एका लग्नात वहीत आपला पत्ता लिहिला होता, तिच्याकडून ते त्याला मिळालं होतं.

“ही माझी बायको आहे,” तो शांतपणे म्हणाला. “डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. कुठे आहे?”

मंदा म्हणाली, त्या बाया नाशिकहून एका दिवसापुरत्या आल्या होत्या, परत गेल्या. तो ऐकत राहिला. मग त्याने वही स्वतःकडे ओढली आणि मंदाचं नाव-गाव लिहिलेल्या पहिल्या पानापासून सावकाश पानं उलटली.

“तुम्ही गिरीजच्या ना?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता गेला.

तो गेल्यावर मंदाने शेजारी हाक मारली. रुडॉल्फने येऊन शटर ओढलं.

बळीरामने उमेळ्यात चौकशी केली असणार आणि हाती काही लागलं नसणार. गुरुवारी दुपारी त्याचं ईमेल आलं. बायकोला लपवलंस, तुझी वाडी मला ठाऊक आहे, असं लिहून पुढे तो त्या दोघींचं काय करील ते त्याने सविस्तर लिहिलं होतं. रुडॉल्फने ते छापून दिलं. मंदा कागद पदराआड धरून घरी गेली. यमुनाला दाखवायचा की नाही, हे तिला वाटेत ठरवता आलं नाही. शेवटी तिने तो तिच्यापुढे ठेवला.

यमुनाने तो दोनदा वाचला. मंदा म्हणाली, तुला दूर कुठेतरी पोचवते.

“ताई, मी डहाणू सोडलं, मग विरार सोडलं. आता आणखी कुठे जाऊ? त्याने पहिल्यांदाच काहीतरी लिहून दिलंय. चला पोलिसांत.”

व्हेरोनिकाबाईंना घेऊन तिघी गेल्या. मंदाला आपल्या चुकीसकट सगळं सांगावं लागलं. तो कागद कामी आला. बळीरामला बोलावलं, गुन्हा नोंदवला, पुढे खटलाही चालला. कोर्टाच्या तारखांखेरीज तो पुन्हा वसईत दिसला नाही. पण भीती काही त्याच्याबरोबर गेली नाही. वर्षभर दोघी गिरीजच्या घरात दाराला दोन कड्या लावून राहिल्या.

चार महिने मंदाने कोणालाच पत्र पाठवलं नाही. मग एकेका पत्त्यावर लिहून विचारलं, तुम्ही कोण, कोणाचे. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना वगळलं. एकशे साठ उरले. ज्याचा चेहरा दिसेल त्याला विचारल्याशिवाय तिने पुन्हा फोटो पाठवला नाही. बऱ्याच जणी नको म्हणत. ती खोलात शिरत नसे.

२००६ मध्ये यमुनाने उमेळ्यात स्वतःचं शिलाईचं दुकान घेतलं. बँकेत खातं काढायचं म्हणून ती फोटोला आली. स्टुलावर बसल्यावर तिने केस नीट केले, मग थांबली आणि विचारलं, हा कॉम्प्युटरमध्ये राहतो का?

मंदाने चार प्रती काढून तिच्या हातात दिल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवून तिच्यादेखत फोटो पुसला. यमुनाने वाकून खात्री करून घेतली, आणि मगच ती उठली.